नेसू नदीला भरती येते तेव्हा

खांडबाऱ्याहून समुद्र पाहायचा तर सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत चार तास बसावं लागतं. तरीही हेमकांतभाऊंनी यंदा गावात बीच व्हॉलीबॉलची लीग काढली. बीच कुठला, असं विचारायची कुणाची टाप नव्हती, कारण हेमकांतभाऊंकडे झेरॉक्सचं मशीन आहे. आधारची दुरुस्ती, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा फॉर्म, लग्नाची पत्रिका, सगळं स्टेशनजवळच्या त्यांच्या दहा बाय दहाच्या दुकानातून निघतं. असा माणूस उद्या नेसू नदीला अरबी समुद्र म्हणाला, तरी गाव एवढंच विचारेल की फॉर्म कधी भरायचा.

नेसूत पाणी पावसाळ्यात. बाकीच्या दिवसांत वाळू, आणि वाळूत म्हशी. तर त्या वाळूत दोन-दोन जणांचे संघ, मधे जाळी, एकवीस पॉइंटांचा सामना. आणि लीग कसली, तर शिडीची. म्हणजे संघ शिडीच्या पायऱ्यांवर उभे. खालच्याने वरच्याला आव्हान द्यायचं, जिंकला तर दोघांनी पायऱ्या बदलायच्या. परदेशात म्हणे ही शिडी कागदावर काढतात. हेमकांतभाऊ म्हणाले, खरी शिडी मिळत असताना कागद कशाला वाया घालवा? ते उठले आणि नदीपलीकडे राहणाऱ्या चुडामणकाकांची नऊ पायऱ्यांची बांबूची शिडी घेऊन आले. दुकानासमोरच्या कडुलिंबाला ती टेकवली. तेलाच्या डब्यांच्या पत्र्यातून पाट्या कापल्या, त्यांवर रंगाने संघांची नावं लिहिली आणि तारेच्या आकड्यांनी एकेका पायरीला एकेक अडकवली.

चुडामणकाकांची एकच अट होती. "पाऊस यायना आधी माले कौलं शाकारनी शेत. मी मांगसू तवय शिडी देनी पडी." त्यामुळे ही बहुधा जगातली एकमेव लीग असावी, जिचा हंगाम एका माणसाच्या छपरावर संपतो. हेमकांतभाऊंनी तसा नियमच पेनाने लिहून टाकला: शिडी लिंबाखालून चुडामणच्या छपराला लागली की लीग संपली, ज्याची पाटी जिथे तिथे.

बाकीचे बावीस नियम छापील होते. हेमकांतभाऊंना ते मोबाईलवर कुठल्यातरी परदेशी किनाऱ्याच्या क्लबचे सापडले. मोबाईलनेच त्यांचं मराठी केलं, मशीनने पाठपोट छापलं, दुसऱ्या मशीनने लॅमिनेट केलं. माणसाचं काम उरलं होतं ते फक्त वाचायचं, आणि ते कुणी केलं नाही. पत्रक दोरीने लिंबाला लटकलं. नियम तीन: किनाऱ्यावर काचेच्या बाटल्या आणू नयेत. (हा पाळला असता तर निम्मी लीग पहिल्याच दिवशी घरी गेली असती.) नियम अकरा: पाळीव प्राणी साखळीने बांधलेले असावेत. नियम बारा: शार्क दिसल्यास पंचांनी शिट्टी वाजवावी. नियम सतरा, पहिल्या पानाच्या अगदी तळाशी: भरतीच्या वेळी सामना खेळवला जाणार नाही.

पोरं हसून हसून लोळली. पत्रक उलटून मात्र कुणी पाहिलं नाही.

रूथने पाहिलं. तेही काही हुशारीने नाही. अकरावीतली ही मुलगी शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी दुकानासमोर उभी होती, लाइट गेली होती, रांग हलत नव्हती आणि माशांशिवाय करमणुकीला दुसरं काही नव्हतं. गेल्या वर्षीपर्यंत रूथ हजेरीला 'हजर' म्हणायची ते फक्त तिलाच ऐकू यायचं. सरांनी तिला सलग आठ दिवस गैरहजर मांडलं होतं. यंदा मात्र काय झालं कुणास ठाऊक. नाताळच्या नाटकात हेरोद राजा व्हायला ऐनवेळी कुणी मिळेना, म्हणून हिला दाढी लावून उभं केलं, आणि तिने चर्चमध्ये अशी काही डरकाळी फोडली की पुढच्या ओळीतली दोन बाळं रडत बाहेर न्यावी लागली. तेव्हापासून दाढी उतरली, आवाज काही उतरला नाही.

तर रूथने पत्रक उलटवलं, आणि मागच्या बाजूला तिला नियम एकोणीस भेटला.

"हेमकांतभाऊ, मागे काय लिहिलंय ते वाचलंत का?"

"मांगे?" भाऊंनी चष्मा कपाळावर चढवला. "मांगे बी काही शे का?"

"सहभागासाठी स्त्री-पुरुष असा भेद केला जाणार नाही. आमची पाटी करा. रूथ आणि सीमा."

"अवं पोरी, ते परदेशातलं शे."

"मग खोडा."

भाऊंनी पत्रकावर अंगठा घासून पाहिला. लॅमिनेशन त्यांचं स्वतःचं होतं, गावातलं सर्वांत जाड. नदीत भिजलं, म्हशीने चावलं, तरी पुसलं जाणार नाही अशी ते स्वतःच जाहिरात करायचे. त्यांनी निमूटपणे पत्रा कापायला घेतला. पाटी मिळाली ती सगळ्यात खालच्या, नवव्या पायरीवर; तिथून ती शेळीच्या तोंडाला बरोबर येत होती.

पहिल्या पायरीवर होते दावीद आणि योहान. हे दोघे चुलतभाऊ. पहिल्या पायरीवर ते कुणाला हरवून पोचले असं नाही. जाळी त्यांची होती, म्हणून जानेवारीत शिडी लागली तेव्हाच त्यांची पाटी वर लागली. दावीद वाळूचा ट्रॅक्टर चालवायचा. रात्रंदिवस नदीच उपसत असल्यामुळे नदी आपलीच आहे असा त्याचा प्रामाणिक समज होता. दर पंधरा दिवसांनी लीगचं कोर्ट हलवावं लागायचं, कारण आधीचं कोर्ट दावीदच्या ट्रॅक्टरात बसून कुणाच्यातरी स्लॅबमध्ये गेलेलं असायचं. योहान त्याच्यामागे उभा राहून "बरोबर" म्हणायचा.

पहिली पायरी सगळ्यांना हवी होती, कारण मेअखेर पहिल्या पायरीवर जो संघ असेल त्याचं नाव हेमकांतभाऊ एका खुल्या स्पर्धेला पाठवणार होते, सुरतेजवळच्या किनाऱ्यावर, खऱ्या समुद्राच्या वाळूत. एका लीगमधून एकच जोडी. रूथने समुद्र पाहिला होता तो भूगोलाच्या पुस्तकात, आणि त्या पानावर कुणीतरी आधीच मिशा काढलेल्या होत्या. सीमाची गोष्ट त्याहून वाईट. ती आईवडिलांबरोबर सहा हंगाम बारडोलीकडे ऊसतोडीला जाऊन आलेली. तिथून समुद्र म्हणे तासाभरावर.

"मग दिसला नाही कधी?" रूथने विचारलं होतं.

"उसातून?" सीमा म्हणाली. "उसातून ऊस दिसतो."

यंदा सीमा शाळेसाठी पहिल्यांदाच मागे राहिली होती, रूथच्याच घरी. पुढच्या हंगामाचं कुणी सांगावं? रूथने सांगून टाकलं: समुद्र यंदाच बघायचा. त्या दिवसापासून दोघी रोज संध्याकाळी नदीत.

शिडीचा नियम असा की आव्हान जास्तीत जास्त दोन पायऱ्या वर देता येतं. आव्हान द्यायचं म्हणजे दोन साक्षीदारांसमोर वरच्या पायरीला लाल फीत बांधायची. फीत बांधली की सात दिवसांत सामना. वरच्या संघाने कोर्ट आखायचं, जाळी लावायची. न खेळला तर हरला. सातव्या पायरीवरच्या दोघांनी हरल्यावर सांगितलं की मुली म्हणून सोडून दिलं. पाचव्या पायरीवरचे म्हणाले, ऊन डोळ्यांवर होतं. सामना सूर्य मावळताना झाला होता आणि ऊन मुलींच्याच डोळ्यांवर होतं, पण ते असो. तिसऱ्या पायरीवरच्या करमसिंगने काहीच कारण सांगितलं नाही, म्हणून तो गावात थोडा वेडसर मानला जाऊ लागला.

मेच्या शेवटच्या आठवड्यात चुडामणकाकांनी निरोप धाडला: "शनवारले शिडी लई जासू." त्या शनिवारआधीच्या रविवारी उपासना सुटली, आणि रूथने चर्चच्या कपड्यांतच येऊन, हेमकांतभाऊ आणि करमसिंग यांच्यासमोर पहिल्या पायरीला लाल फीत बांधली. हात पुरेना, म्हणून खालून तिसऱ्या पायरीवर पाय देऊन बांधली. दावीद समोरच मोटरसायकलवर बसून कलिंगड खात होता.

"अगं, ही फीत तुझ्या वेणीची ना?" तो म्हणाला. "वेणीला बांध. शोभेल तरी."

"तुमच्या पाटीला जास्त शोभतेय, दावीददादा. सात दिवस. खरं म्हणजे सहाच, शनिवारी शिडी जाणार."

"खेळू की! कधी पण खेळू."

"बरोबर," योहान म्हणाला.

त्या 'कधी पण'मध्ये सोमवार नव्हता, कारण सोमवारी योहानचं बोट दुखत होतं. कोणतं बोट, हे विचारल्यावर त्याने आधी डाव्या हाताचं दाखवलं, मग उजव्या. मंगळवारी आठवडे बाजार. दावीदने आयुष्यात कधी बाजारातून कोथिंबिरीची काडी आणलेली नाही, पण त्या दिवशी त्याच्यावर घराची सगळी जबाबदारी होती. बुधवारी दोघी नदीवर गेल्या तर कोर्टच नव्हतं. दोरी होती, खुंट्या होत्या, मधली वाळू मात्र कंबरभर खड्डे सोडून निघून गेली होती.

"कोर्ट कुठे गेलं?" रूथने ट्रॅक्टर अडवला.

"पंचायतीच्या गटाराला," दावीद वरून म्हणाला. "विकासकाम आहे. तू विकासाच्या आड येतेस का?"

गुरुवारी मात्र चमत्कार झाला. दावीद स्वतःहून रूथच्या दारात आला, निर्मलामावशी म्हणून तिच्या आईला हाक मारली, पाणी मागून प्यायला आणि म्हणाला, "शनिवार. सकाळी अकरा वाजता. कोर्ट मी आखतो, जाळी मी लावतो. आता तरी झालं समाधान?"

तो गेल्यावर रूथने अंगणात उडीच मारली. सीमा भाकरी थापत होती. तिने तवाही हलवला नाही.

"एवढा गोड का झाला?"

"घाबरला!"

"दावीददादा? तो रिव्हर्स घेतानाही मागे बघत नाही."

उत्तर शनिवारी सकाळी मिळालं. दावीदने कोर्ट खरंच आखलं होतं, आणि नेमकं आखलं होतं ते बुधवारच्या खड्ड्यांवर. नदीतली सगळ्यात खोलगट जागा. खड्ड्यांत सैल वाळू लोटून वरून फावड्याने असं गुळगुळीत केलं होतं की लग्नाच्या मांडवातली जमीनही इतकी सपाट नसते. जाळी ताणलेली. हेमकांतभाऊ शिट्टी गळ्यात घालून हजर. अकराला पाच कमी असताना वरच्या वळणावरून आधी म्हशी आल्या, आणि म्हशींच्या मागून पाणी आलं.

वरच्या बंधाऱ्यातून जनावरांसाठी पाणी सोडलं होतं. पंचायतीच्या ग्रुपवर ते बुधवारीच आलं होतं. रूथच्या घरात मोबाईल वडिलांबरोबर कामावर जातो, दावीदच्या खिशात दोन असतात. पाणी काही फार नव्हतं, पोटरीएवढं. पण कोर्ट पूर्ण बुडालं, आणि जाळीच्या बरोबर मधोमध दोन म्हशी बसल्या. साखळीशिवाय.

दावीदने दोन्ही हात पसरले. "अरेरे! भाऊ, भरती आली. नियम सतरा. भरतीच्या वेळी सामना नाही."

"बरोबर."

"आता संध्याकाळी शिडी जाणार. काय करणार! पुढच्या वर्षी बघू." त्याने इतका दुःखी चेहरा केला की क्षणभर म्हशींनाही वाईट वाटलं असावं.

हेमकांतभाऊ शिट्टी चाळवत म्हणाले, "नियम म्हणजे नियम शे, पोरी. पाणी उना तर उना."

रूथने दप्तरातून पत्रकाची प्रत काढली. तिने ती कधीच काढून ठेवली होती, आणि दोन बाजू म्हणून दोन प्रतींचे पैसे घेतले यावरून भाऊंशी भांडलीही होती. "भाऊ, सतरा तिथे संपत नाही. पान संपतं. मागे वाचा."

भाऊंनी वाचलं. मोठ्याने, अडखळत, आपल्याच मोबाईलने लिहिलेलं मराठी प्रथमच वाचणाऱ्या माणसासारखं: "परंतु भरती ओसरताच त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी सामना खेळवला जाईल. पाणी रेषेबाहेर गेल्यापासून पंधरा मिनिटांत कोर्टावर नसलेला संघ पराभूत समजला जाईल."

दावीदने प्रत भाऊंच्या हातातून घेऊन उलटसुलट करून पाहिली.

"मागे लिहिलेलं कसं चालेल?" दावीद म्हणाला. "मागचं कोण वाचतं?"

"लॅमिनेशन शे ते," हेमकांतभाऊ कळवळून म्हणाले. "मन्हं शे. त्याले मी कसा नही म्हनू?"

दावीदने पाण्याकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं, हिशेब केला आणि हसला. "ठीक आहे. बसा मग. आमच्याकडे मामेभावाची हळद आहे, मटण शिजतंय. हे पाणी अंधारापर्यंत काही उतरत नाही. म्हशींना पास द्यायला शिकवा तोवर."

ते गेले. भाऊ काठावरच्या बाभळीखाली सावलीत गेले. राहिल्या रूथ, सीमा आणि म्हशी.

नियमात कुठेही लिहिलं नव्हतं की वाट पाण्यात उभं राहून बघावी. पण काठावरची वाळू अशी तापली होती की तिच्यावर पापड भाजला असता, आणि पाणी गार होतं. दोघी कोर्टातच फिरत बसल्या. दुपारी निर्मलाबाई भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन आल्या आणि काठावरूनच ओरडल्या.

"रूथ! माणूस आहेस का म्हैस? बाहेर ये!"

"भरती आहे, आई!"

"तुझी भरती घरी आल्यावर काढते मी!" तरी भाकरी चार आणल्या होत्या.

खाऊन झाल्यावर सीमा जाळीच्या डावीकडे दोन पावलं गेली आणि एकदम मांडीपर्यंत खाली गेली. "आई गं! हे काय?"

"खड्डा," रूथ म्हणाली. "विकासाचा."

लोटलेली सैल वाळू पाण्याने आणखी सैल झाली होती. वरून काही दिसत नव्हतं. पाय पडला की कळत होतं. मग दोघींना दुसरं काम तरी काय होतं? एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाय घासत त्यांनी अख्खं कोर्ट चाळलं. या बाजूला मोठे दोन, त्या बाजूला तीन, एक अगदी मागच्या रेषेला लागून. सीमा सहा हंगाम उसाच्या फडात अनवाणी चाललेली. तिचे पाय जे एकदा शिकतात ते विसरत नाहीत. रूथने मात्र पाठांतर केलं, इतिहासाच्या सनावळ्यांसारखं: जाळीपासून तीन पावलं, डावीकडे. मागून एक, उजवीकडे. तासाभराने दोघी डोळे मिटून एकमेकींकडे धावू शकत होत्या.

"रूथ," सीमा मधेच म्हणाली, "समुद्रात पण असे खड्डे असतात का?"

"असतील. पण ते दावीददादाने केलेले नसणार."

तीनच्या सुमाराला चुडामणकाका आले, शिडी खांद्यावर घेऊन, पाट्या खणखण वाजवत. घर नदीपलीकडे, आणि मधे पाणी. शिडी घेऊन पाण्यातून जाताना पाय घसरला तर कौलांऐवजी हाडंच शाकारावी लागतील, असं म्हणून त्यांनी शिडी काठावर आडवी टाकली आणि तिच्यावर बूड टेकलं.

"काय करी ऱ्हायन्यात व्हयी तुम्ही?"

"काका, आम्ही भरती ओसरायची वाट बघतोय."

काकांनी तंबाखू मळली. गेली साठ वर्षं ते या नदीकाठी राहत होते. "ओसरी," ते शांतपणे म्हणाले. "बंधारा दोन वाजता बंद करतंस ते."

आणि ओसरलं. आधी म्हशी कंटाळून उठल्या. मग कोपऱ्यातली खुंटी दिसली, मग दोरी. सव्वापाचला पाणी मागच्या रेषेबाहेर गेलं. हेमकांतभाऊंनी घड्याळ बघून शिट्टी वाजवली आणि दावीदला फोन लावला. हळदीचा डीजे नदीपर्यंत ऐकू येत होता. फोन काही त्याला ऐकू येत नव्हता. पाच मिनिटं गेली. दहा गेली. अशा वेळी खरा खेळाडू म्हणे मनातून इच्छा करतो की प्रतिस्पर्धी यावा आणि सामना मैदानावरच व्हावा. रूथने डोळे मिटून मनापासून प्रार्थना केली की ट्रॅक्टर पंक्चर व्हावा.

प्रार्थना पोचली नाही. चौदाव्या मिनिटाला ट्रॅक्टर काठावरून धडधडत उतरला. दावीदच्या गालाला हळद, नव्या शर्टाला हळद, पोटात मटण. योहानच्या हातात अजून हाड होतं. मागच्या ट्रॉलीत निम्मी वरात.

"झालं का पोहून?" दावीद उडी मारत ओरडला. "चला, दहा मिनिटांत उरकू. परत नाचायचंय."

पहिले सात पॉइंट त्याने खरोखरच उरकले. हातभर उंच उडी मारून असा काही स्मॅश मारायचा की ओली वाळू फटकन उडायची. पाच-दोन. वरात शिट्ट्या मारत होती. निर्मलाबाई काठावर पदर तोंडात धरून उभ्या होत्या, हसू दाबायला की रडू, ते कळत नव्हतं. सात पॉइंटांनंतर बाजू बदलायच्या असतात. जाळीखालून जाताना सीमा हळूच म्हणाली, "तू ताकदीने का मारतेस? ताकद त्याच्याकडे जास्त आहे. जागेवर टाक."

रूथने जागेवर टाकायला सुरुवात केली. जाळीपासून तीन पावलं, डावीकडे. चेंडू सावकाश, अगदी पाहुण्याला चहा द्यावा तसा गेला. दावीद हसत हसत धावला आणि गुडघ्यापर्यंत थांबला. चेंडू त्याच्या कानाजवळून खाली पडला.

"इथे खड्डा आहे!" तो किंचाळला.

"कोर्ट कुणी आखलंय?" भाऊंनी विचारलं. त्यांनाही आता मजा येऊ लागली होती.

पुढची सर्व्हिस मागून एक पाऊल, उजवीकडे. योहान गेला. पोटातलं मटण त्याच्या आधी खाली गेलं असावं, कारण वर यायला त्याला फार वेळ लागला. बाजू बदलल्या तरी काही फरक पडेना. दोन्ही बाजूंचे खड्डे मुलींना पाठ, आणि ज्याने केले त्यालाच एकही आठवत नाही. आता दोघे भाऊ धावायच्या आधी जमीन चाचपायला लागले. जमीन चाचपणाऱ्या माणसाला उडी मारता येत नाही. तरीही दावीद काही सोडत नव्हता, हे सांगायलाच हवं. हळद घामाने डोळ्यांत उतरली होती आणि तो उभ्या जागेवरून हात लांब करून चेंडू परतवत होता. अठरा-अठरा. एकोणीस-एकोणीस. सूर्य बाभळीला टेकला.

विसावा पॉइंट सीमाने काढला, कसा ते तिलाही सांगता येणार नाही. चेंडू तिच्या कोपराला लागून जाळीवरून गेला.

शेवटच्या वेळी चेंडू रूथकडे उंच आला. तिला त्या क्षणी त्या बाजूचे तिन्ही खड्डे दिसत होते, आणि तिन्हींवर दावीदची नजरही होती. एवढं त्यालाही शिकता आलं होतं. त्याने दोन पाय दोन खड्ड्यांच्या मधे रोवले होते आणि तो चेंडू खड्ड्यात पडायची वाट बघत होता. रूथने हेरोदाच्या आवाजात डरकाळी फोडली आणि चेंडू टणक वाळूवर मारला. सरळ, रिकाम्या, अगदी चांगल्या, कुणीही न उपसलेल्या जागेवर.

दावीद हललाच नाही.

"आऊट!" योहान म्हणाला. दिवसभरात 'बरोबर' सोडून त्याचा हा पहिलाच शब्द.

दोरीच्या आत, वीतभर अंतरावर, ओल्या वाळूत चेंडूचा गोल ठसा उमटला होता. चुडामणकाका शिडीवरून उठले, वाकून बघितलं आणि ठशाशेजारी तंबाखूची पुडी खूण म्हणून ठेवली. "आत शे," ते म्हणाले. "आता मन्ही शिडी लई जाऊ द्या."

"थांबा!" रूथ, सीमा आणि भाऊ एकदम ओरडले. रूथने आपली पाटी तिसऱ्या पायरीवरून काढून पहिलीवर अडकवली. दावीद–योहानची पाटी तिसऱ्या पायरीवर लावायचं काम दावीदनेच केलं. कुणी सांगितलं नव्हतं. आकडा वाकडा झाला होता, तो त्याने दाताने सरळ केला.

"खड्डे पाठ केलेत म्हणून जिंकलात," तो म्हणाला.

"हो," रूथ म्हणाली. "तुम्ही केलेत म्हणून."

तो हसला नाही, पण ट्रॅक्टरवर चढताना त्याने योहानच्या डोक्यावर एक टपली मारली आणि म्हणाला, "'बरोबर' म्हणायला काय झालं होतं रे शेवटी?"

काकांनी शिडी खांद्यावर घेतली आणि ओल्या वाळूतून पलीकडे चालू लागले. पाट्या खणखण वाजत गेल्या. थोड्या वेळाने पलीकडच्या उतारावर ती शिडी छपराला लागली, आणि सगळ्यात वरची पाटी उन्हात चमकू लागली. एवढ्या लांबून नाव वाचता येत नव्हतं. रूथने तरी ते दोनदा वाचून दाखवलं.

दुकानात परतल्यावर हेमकांतभाऊंनी कॉम्प्युटर उघडला, आणि स्पर्धेच्या फॉर्मवर दोन नावं आधीच टाइप केलेली निघाली: दावीद, योहान. महिन्याभरापूर्वीची तारीख.

"वेळ वाचावा म्हनून करी ठेयेल व्हतं," भाऊ कानाची पाळी खाजवत म्हणाले.

"वाचला ना वेळ," रूथ म्हणाली, आणि टेबलावर कोपरं टेकून उभी राहिली. भाऊ एका बोटाने एकेक अक्षर खोडू लागले. शेजारी सीमा ओल्या सलवारीतून वाळू झटकत होती. दुकानभर नेसू सांडत होती.

नावं भरून झाली. वयं भरली. मग फॉर्म अडला. लाल अक्षरांत एक रकाना, भरल्याशिवाय पुढे जाईना: 'आपण सराव करत असलेला समुद्रकिनारा.'

हेमकांतभाऊंनी हताशपणे दोघींकडे पाहिलं. "आता आठे काय लिहू? आपलाकडे कोठे समुद्र शे?"

"लिहा भाऊ," रूथ म्हणाली. "नेसू बीच, खांडबारा."

भाऊंनी लिहिलं. फॉर्मने मुकाट्याने घेतलं आणि पुढचा रकाना उघडला: 'भरतीची वेळ.'

"सकाळी अकरा," सीमा वाळू झटकता झटकता म्हणाली. "ओसरते सव्वापाचला."